उजव्या हाताचं कुंपण

लेस्टर
रविवार, ११ जानेवारी

तीर्थरूप दादास,

शशिधरचा नमस्कार. यमुनावहिनींच्या पायाशीही पोचव. आम्ही तिघं देवाच्या कृपेनं धड आहोत. सुलक्षणाच्या वॉर्डात हिवाळ्यामुळे गर्दी फार. ती घरी येते आणि बसल्या जागी झोपते. नील उंचीनं माझ्या पुढे गेला. आठ दिवस इथं दहिवर गोठतंय. सकाळी गाडीची काच खरवडायची आणि मग कामाला जायचं.

पत्र बघून तुला नवल वाटेल. आपण दिवाळीला फोनवर बोलतो. पाऊस कसा, गुडघे कसे, एवढ्यात बोलणं संपतं. फोनवर मला जमत नाही. लिहिताना मधे थांबता येतं, म्हणून लिहायला बसलो.

एका माणसाची हकीकत तुला सांगायची आहे.

आमच्या शेजारी मार्गारेटबाई राहतात. वय ब्याऐंशी. मूळच्या इथून आठ-दहा मैलांवरच्या खेड्यातल्या. तिथल्या चर्चमध्ये एका पेटीत जुनी पत्रं निघाली, पण अक्षर कुणाला लागेना. नोव्हेंबरात बाई ती पेटी घेऊन आमच्या दारात उभ्या. म्हणाल्या, "शशी, तू पंचवीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचून औषधं देतोयस आणि अजून कुणी मेलेलं नाही. हे तुलाच लागेल." हॉस्पिटलच्या फार्मसीत काम केल्याचा असाही उपयोग. तेव्हापासून रविवारी पूजा आटोपली की मी ती पत्रं उतरवून काढतो.

पत्रं लिहिणाऱ्याचं नाव जॉब विडोसन. बाप मोजे विणणारा. घरात माग, आणि मागाच्या खडखडाटात वाढलेली सात पोरं. जमीन नखाएवढीही नाही. बावीस वर्षांचा असताना, १८४६ साली, हा जहाजात बसून अमेरिकेला गेला. थोरला भाऊ विल्यम आईबापांना बघायला मागे राहिला. सगळी पत्रं त्यालाच आहेत. विल्यमनं उलट काय लिहिलं ते कळायला मार्ग नाही, ते समुद्रापलीकडे गेलं. पण चाळीस वर्षांची पत्रं त्यानं एकही न हरवता ठेवली, त्यावरून माणूस कळतो.

विस्कॉन्सिन नावाच्या मुलखात जॉबनं गवताळ रान घेतलं. मुळांनी माती अशी बांधलेली, की नांगराला तीन बैलजोड्या लावाव्या लागत. पहिला हिवाळा त्यानं जमिनीत खणलेल्या खोलीत काढला. लिहितो, "विल्यम, वरून गाय गेली की माझ्या ताटात माती पडते. पण ती माती माझी आहे." हे वाचलं आणि मला तू दिसलास, माळावरचे दगड वेचून बोटं फुटलेला, तरी संध्याकाळी हसत घरी येणारा.

दहा वर्षं त्यानं गहू केला. मग गव्हावर किडा पडला आणि मुलूखच्या मुलूख बसला. जॉबनं गाई धरल्या. एकट्यानं नाही, शेजारची नऊ घरं गोळा करून चीज करायचा कारखाना काढला. आपल्या दूध डेअरीचंच ते रूप. म्हणतो, "एकट्याचं दूध नासतं, नऊ जणांचं टिकतं." दादा, डेअरीसाठी तू दारोदार फिरलास तेव्हा आप्पा पाटलाला जवळजवळ हेच म्हणाला होतास.

त्या गावात कुंपणाचे पंच असत. दोन शेजाऱ्यांत हद्दीवरून वाद झाला की त्यांनी जायचं आणि बघायचं. पंच म्हणून जॉब जे करायचा ते मला फार आवडलं. तो दोघांना हद्दीच्या मधोमध उभं करी, समोरासमोर, तोंडाकडे तोंड करून. मग ज्याच्या उजव्या हाताला जो भाग येईल, तेवढं कुंपण त्यानं राखायचं. बस. ही तिकडची जुनी रीत, पण जॉब म्हणे, की निम्मं भांडण उभं राहतानाच मिटतं, कारण दोघांना किती दिवसांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागतं.

१८६७ साली लोकांनी त्याला राज्याच्या विधानसभेवर पाठवलं. आपल्याकडचा आमदारच म्हण. चार इयत्ता शिकलेला माणूस. राजधानीत भाड्याच्या खोलीत त्याला पहाटे चारला जाग यायची आणि धार काढायला गाय नसायची. "इथले लोक उशिरा उठतात आणि लगेच बोलायला लागतात," असं विल्यमला कळवतो. स्वतः नऊ दिवस गप्प होता. दहाव्या दिवशी उठला तो कुंपणाच्या कायद्यावर. तोवर गुरं मोकाट सोडायची रीत. पीक वाचवायचं तर कुंपण शेतकऱ्यानं घालायचं. लहान शेतकऱ्याचं निम्मं आयुष्य लाकडं तोडण्यात जायचं. जॉबचं म्हणणं एवढंच, की ज्याची गुरं त्यानं ती आवरावीत. कायदा झाला. पुढच्या वर्षी जॉब घरी परतला आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही.

असा हा माणूस. मला वाटलं, ही हकीकत तुला कळावी.

वरदाचा फोन आला होता. पंचायत समितीला अर्ज भरायचा म्हणते. तू नको म्हणतोस, असंही म्हणाली. पोरगी हुशार आहे, तुझ्यासारखी धीराची आहे. तू नको का म्हणतोस, ते मी तिला विचारलं नाही.

वहिनींना म्हणावं, मागच्या वेळी दिलेला काळा मसाला अजून पुरवून पुरवून वापरतोय.

तुझा,
शशी


लेस्टर
रविवार, १ फेब्रुवारी

ती. दादा,

काल वरदाचा फोन आला. माझं पत्र तू तिच्याकडून दोनदा वाचून घेतलंस म्हणाली. मी विचारलं, "काय म्हणाला दादा?"

"बाबा म्हणाले, माणूस भारी हाय. पण एवढा कायदा करून दिला त्याला लोकांनी परत का न्हाई पाठवलं? तेवढं तुझ्या काकानं गाळलंय. इचार त्याला."

मी हसलो. मग फोन ठेवला आणि सिंकपाशी तसाच उभा राहिलो. बांधावरचा एक दगड इकडचा तिकडं झाला तरी तुला चालता चालता कळायचं. पत्रातलं कसं कळणार नाही.

गाळलंय. सांगतो.

कुंपणाच्या कायद्यावर विधानसभेत आठवडाभर जो तो शेजाऱ्याच्या नावानं ओरडत होता. याची गुरं घुसली, त्यानं हद्द दाबली. दहाव्या दिवशी जॉब उठला आणि म्हणाला, "मी सगळ्यांचं ऐकलं. आता माझं ऐका. पहिल्या हिवाळ्यात मी माझं कुंपण शेजाऱ्याच्या रानात आठ पावलं आत घातलं. तो अजून यायचा होता. आल्यावर त्यानं तक्रार केली, तेव्हा सगळ्यांनी मोजणीदाराला दोष दिला, दारू पिऊन साखळी धरली म्हणाले. त्याला पुन्हा आमच्या भागात कुणी मोजणीला बोलावलं नाही. मी तिथंच उभा होतो. मी बोललो नाही. माझ्यासारखी माणसं या राज्यात आहेत, म्हणून कायदा हवा."

कायदा झाला, पण पुढच्या वेळी त्याच्या गावानं त्याला उभं केलं नाही. घरी जाऊन त्यानं कुंपण आठ पावलं मागे घेतलं. मग मोजणीदाराला शोधत तो चार दिवस घोड्यावर फिरला. विल्यमला लिहितो, "खुर्ची गेल्याचं दुःख नाही. एकवीस वर्षं उशीर झाला, त्याचं आहे."

मला एकोणतीस झाली.

दादा, म्हसोबा मी हलवला.

तुला हे माहीत असेल. नसेल, अशी आशा धरून मी इतकी वर्षं काढली. आता सगळं लिहितो, म्हणजे तू हे कुणापुढेही वाचू शकशील.

मी वीस वर्षांचा होतो, पुण्याला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. ओढ्याला पूर आला तेव्हा आपल्या आणि तात्याकाकांच्या रानामधला म्हसोबा उपटून चिखलात पडला होता. वर्षभर तो तसाच आडवा. दोन्ही घरची माणसं एकत्र आल्याशिवाय त्याला उभं करायचं नाही, असं आपले अण्णा म्हणायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. माझ्या लेखी तो देव होता आणि देव चिखलात पडलाय एवढंच मला दिसायचं. मी नवस बोललो होतो, पास झालो तर तुला उभा करीन. पास झालो. दिवाळीच्या सुट्टीत, एका दुपारी सगळे जेवून पडले असताना, तुझी पहार घेऊन मी एकटाच गेलो.

जिथला तिथं उभा केला असता तर काही बिघडलं नसतं. पण ओढ्याकाठी ऊन, चिखल. वर लिंबाखाली गार सावली होती, जमीन कोरडी होती. देवाला सावलीत बसवावं म्हणून मी त्याला ढकलत, लोळवत लिंबाखाली नेला. पूर्वेला तोंड केलं, शेंदूर लावला, नारळ फोडला. त्या दिवशी मला वाटलं, आयुष्यात एक तरी चांगलं काम हातून झालं.

तो लिंब तात्याकाकांच्या रानात बारा पावलं आत होता. आणि म्हसोबा हाच हद्दीचा दगड होता. तो कुणी सरकवू नये म्हणून तर वाडवडिलांनी त्याला शेंदूर लावला होता.

आनंदाच्या भरात मी पहार तिथंच विसरलो. सकाळी तू ती आणायला गेलास. खांद्यावर पहार घेऊन म्हसोबाकडून येताना तात्याकाकांनी तुला पाहिलं.

पुढचं सगळ्या हिवरवाडीला पाठ आहे. त्या वर्षी तू पंचायत समितीला उभा होतास. चावडीवर तात्याकाका उभे राहून म्हणाले, "मतं मागतोय, आन् देवाच्या नावानं रान खातोय! इचारा त्याला, पहार कुणाची?" मी खांबामागं सगळ्यांसाठी चहा ओतत होतो. तू एवढंच म्हणालास, "पहार माझीच हाय."

आणि माझ्याकडे बघितलं नाहीस. तेव्हा मला वाटलं होतं, तू मला पाहिलंच नाहीस.

त्याच संध्याकाळी तू मला एसटीत बसवलंस. "परीक्षा जवळ आलीय. हिथं नगं थांबू."

थोडक्यात पडलास. परत उभा राहिला नाहीस. दादा, तुला पाण्याची वाट कळायची आणि माणसांचीही. तालुक्याला गेला असतास तर जिल्ह्यालाही गेला असतास. ओढ्यावरचा बंधारा दहा वर्षं आधी झाला असता. मी जॉबची पत्रं वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे तूच असतोस, पण त्याची चूक तुझी नाही, ती माझी आहे. त्याचं सगळं चांगलं तुझ्या वाट्याला आलं आणि वाईट माझ्या. हे लिहायला मला तीन महिने लागले.

आणि ती बारा पावलांची पट्टी. तात्याकाकांना ती परत देता येईना, कारण देव हलवायला कुणी हात लावेना. पण तूही ती कधी नांगरली नाहीस. एकोणतीस वर्षं तिथं नुसतं गवत वाढतंय. मी गावी आलो की मान खाली घालून तिथून जायचो.

इथं बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात शेंदराच्या पुड्या मिळतात. महिन्याला मी तिथून वाती, कापूर आणतो. शेंदूर कधी घेतला नाही. सुलक्षणानं एकदा विचारलंही होतं, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

काल तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रोज देवापुढे दिवा लावतोस, शशी. त्याला सांगितलं होतंस?" मी म्हटलं, "त्याला माहीत आहे म्हणून सांगितलं नाही." "मग ज्याला सांगायला हवं त्याला सांग."

नील जिन्यात बसून ऐकत होता. "म्हणजे तुझा भाऊनी ब्लेम घेतला? ट्वेंटी नाइन इयर्स?" मी हो म्हटलं. "दॅट्स मेंटल, बाबा." थोड्या वेळानं परत आला. "पण ते कूल आहे. काका, आय मीन. तू नाही."

बरोबर आहे त्याचं.

मी न विचारताच वरदा मला फोनवर म्हणाली होती, "बाबा म्हणतात, तू उभी राहिलीस की पहिल्या सभेत म्हसोबा निघंल. ज्यानं देव सरकवला त्याच्या पोरीला मत देता का, म्हणतील." मी तेव्हाही गप्प बसलो, म्हणजे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा नको. अर्जाची शेवटची तारीख बारा मार्च आहे ना? त्याआधी हे पत्र चावडीवर वाच. माझं नाव घेऊन वाच. तात्याकाकांच्या घरच्यांना बोलावून वाच. पोरीला अडवू नकोस.

क्षमा माग म्हणून मला कुणी सांगायला नको होतं. पण क्षमा हा शब्द लिहिला की तो फार लहान दिसतो. म्हणून लिहीत नाही.

शशिधर


लेस्टर
रविवार, २२ फेब्रुवारी

ती. दादा,

तू स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद वरदानं फोटो काढून पाठवला. पाटीवर लिहावं तसं तुझं ठसठशीत अक्षर. मार्गारेटबाईंना दाखवलं. त्यांना ओ की ठो कळलं नाही, पण म्हणाल्या, "हा माणूस खोडत नाही." खरंच, चार ओळींत एक खाडाखोड नव्हती. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता न बघता म्हणतो.

"शशा, पत्र पोचलं. चावडीवर वाचणार नाही. लोक म्हणतील थोरल्यानं विलायतेहून लिहून आणलं. बोलायचं तर तोंडानं बोल. तात्याकाका अंथरुणावर आहेत, कान शाबूत आहेत. पहार अजून तीच आहे."

तुला माहीत होतं की नव्हतं, यावर तू एक शब्द लिहिला नाहीस. मीही आता विचारणार नाही.

एवढ्या वर्षांत मला कुणी शशा म्हटलं नव्हतं.

मी येतोय. पाच मार्चला पुण्यात उतरतो, सहाला गावात. सुलक्षणाला सुट्टी नाही, पण नील येतो म्हणाला. त्याचं मराठी ऐकून वहिनी हसतील. हसू देत. "काकाला बघायचा आहे," एवढंच तो सारखं म्हणतोय.

आधी तात्याकाकांच्या उशाशी जाईन. मग चावडीवर. मला नीट बोलता येणार नाही, हे तुला ठाऊक आहे. जॉब नऊ दिवस गप्प बसला होता, मी तर आयुष्यभर. पण त्याच्यासारखं थोडक्यात सांगेन. दगड कुठं होता, कुठं नेला, कुणी नेला, आणि पहार कोण विसरलं.

सगळे ऐकून झाले की रानात जाऊ. गावात देवाला हात लावायला कोणी धजणार नाही, ते मी समजू शकतो. मलाही भीती वाटते. पंधरा दिवस रोज सकाळी पूजेत त्याच्याशी बोलतोय. त्याला मी बसवला, उठवायचाही मीच. ओढ्याकाठी त्याला ऊन लागेल, पुराचं पाणी लागेल. लागू दे. तो राखणदार आहे, त्याला सावलीचं काय? हे मला विसाव्या वर्षी कळायला हवं होतं. काल बेलग्रेव्ह रोडला जाऊन शेंदराची पुडी घेतली. दुकानदारानं विचारलं, "पूजा आहे का काही?" मी म्हटलं, "घरी आहे."

जॉबची पत्रं परवा संपली. शेवटच्या पत्रातही तो विल्यमला लिहितो, की पुढच्या उन्हाळ्यात नक्की येतो, तुझ्या बाकावर शेजारी बसतो. असं तो तीस वर्षं लिहीत होता. त्यानंतर पेटीत पत्र नाही. मार्गारेटबाईंनी विल्यमची कबर दाखवली. शेजारी जागा मोकळी आहे. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढंच राहून गेलं.

आणखी एक कर, दादा. म्हसोबा जागेवर बसला की बांधाच्या मधोमध उभा राहा. तात्याकाकांच्या नातवाला समोर उभा करू, हद्द त्यांची-आपली आहे. पण त्याआधी थोडा वेळ मी समोर उभा राहीन. तुझ्या उजव्या हाताला जे येईल ते तू आजवर राखलंसच. माझ्या उजव्या हाताचं मी कधी बघितलंही नाही. तेवढं मला दाखव.

सहा तारखेला गड्याला पाठवू नकोस. पहार खांद्यावर टाकून तूच ये. काम झालं की ती मी घरी नेईन, भर दिवसा, चावडीवरून.

तुझा धाकटा,
शशा